न विचारता उलगडलेला तागा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (हा नमस्कार खरोखरच वाकून झालेला आहे, कारण लिहायला बसलो आणि पेन पलंगाखाली गेलं. वाकलोच होतो, तेव्हा म्हटलं एकात दोन कामं उरकावी.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू डाव्याबद्दल लिहिलं होतंस, त्याच्या आधीच्या पत्रात उजव्याबद्दल. दुखणं जागा बदलतंय की तुझी आठवण, तेवढं कळव, म्हणजे काळजी नेमकी कुठल्या गुडघ्याची करायची ते मला ठरवता येईल. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या भावजयीचा आवाज बसला होता, तो परत आला. मध्यंतरी घर फार शांत होतं, पण त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण माझी पत्रं पाकिटात जाण्याआधी कोण वाचतं ते तुला माहीत आहे.

मागच्या पत्रात तू मला चांगलंच फैलावर घेतलंस. ठिणगी तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहते, दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येते, तू तिच्याबद्दल पानभर लिहितेस आणि तिचा बाप उत्तरात हवापाण्यावर येतो, हे तुला खटकलं. खटकणारच. पण ताई, बोलणं मी बंद केलेलं नाही, तिनं केलं आहे. मी ते फक्त सुरू केलेलं नाही. चांगली पंख्याखालची नोकरी सोडून ती मातीची भांडी करायला निघाली तेव्हा मी बाप या नात्याने दोन शब्द बोललो. (दोन म्हणजे अंदाजे. तू तिथे नव्हतीस, तेव्हा तू तिचाच आकडा धरत असशील.) त्यावर ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर लोकांच्या खिडक्या झाकल्यात. तुम्हाला बाहेरचं काय दिसणार!" आता मला सांग, पडद्याच्या कापडाच्या दुकानात उभ्याने आयुष्य काढलेल्या माणसाला असं बोलायचं? त्याच पडद्यांवर हिचं शिक्षण झालं. तेव्हापासून आमचा अबोला आहे आणि तो दोन्ही बाजूंनी उत्तम चालू आहे. पण या पत्राचा विषय तो नाही. विषय आमचा नवा फोन आहे.

फोन आम्हा दोघांत मिळून एकच. दिवसा दुकानात माझ्याजवळ, संध्याकाळी तो हिच्या ताब्यात. तुझ्याकडे अजून वायरीचाच फोन आहे, म्हणून नीट समजावून सांगतो. या फोनात एक जागा आहे. तिथे जगभरची माणसं आपापले छोटे छोटे व्हिडिओ आणून टाकतात. कोणी गातं, कोणी भिंत रंगवतं, कोणी नुसतंच घसरून पडतं. तुम्ही अंगठ्याने काच वर सरकवायची, की एक जातो आणि दुसरा येतो. आवडला तर बदामाचं चित्र असतं, ते दाबायचं, म्हणजे करणाऱ्याला कळतं की अमक्याला आवडलं. इथवर काही विशेष नाही. विशेष हे, की त्या एवढ्या ढिगाऱ्यातून तुमच्यापुढे नेमकं काय यायचं ते कोणीतरी ठरवत असतं. आणि ताई, ते ज्या तऱ्हेने ठरवतं ते बघून मी पहिल्याच आठवड्यात मनातल्या मनात हात जोडले. अगं, हा तर आमच्याच धंद्यातला माणूस! आमच्या कॅशियर बाई म्हणाल्या की तो माणूस नाही, त्याला अल्गोरिदम म्हणतात, आणि तो म्हणजे कॉम्प्युटरने मांडलेला नुसता हिशेब असतो. मी म्हटलं, असेल. आमचे मालक मलाही पहिली काही वर्षं माणूस समजत नव्हते.

तू कधी दुकानात आली नाहीस (आलीस तेव्हा खुर्चीवर बसून मालकांशी भांडलीस, ते धरत नाही), म्हणून आमची विद्या सांगतो. गिऱ्हाईक आत येतं आणि तोंडाने म्हणतं, काही नको, असंच बघतोय. किंवा म्हणतं, साधा मळखाऊ रंग दाखवा, नक्षी नको. नवा सेल्समन बिचारा मळखाऊ रंगांचा डोंगर रचतो. मी तोंडाकडे बघतच नाही, मी हाताकडे बघतो. बाई बोलत असते मळखाऊ रंगाबद्दल, आणि तिचा हात असतो शेजारच्या निळ्या फुलाफुलांच्या ताग्यावर. तो तिथे थांबतो, पुढे जातो, परत तिथेच येतो. झालं. मी एक अक्षर न बोलता त्याच जातीचा दुसरा तागा काढतो आणि तिच्यापुढे उलगडतो. बाई चकित होते, म्हणते, "अगोबाई, मला हेच हवं होतं, तुम्हाला कसं कळलं?" मी मान खाली घालून हसतो. आता हा फोनातला पठ्ठ्या हेच करतो! तुमचा अंगठा कुठे थबकला, किती वेळ थबकला, पुढे गेल्यावर मागे आला का, एवढंच तो बघत बसतो आणि पुढचा तागा काढतो. शिवाय मी एका वेळी एकाच गिऱ्हाइकाकडे बघू शकतो. हा सगळ्या जगाकडे एकदम बघतो आणि मध्ये चहाला जात नाही.

आणि दाखवतो तरी कसं! दुपारी डबे उघडले की आम्ही चौघं आपापले फोन बघतो. फोन सारखे, जागा तीच, पण कॅशियर बाईंपुढे तळी असलेले बंगले येतात, शिंप्यापुढे कुस्त्या येतात (माणूस सुईत दोरा ओवताना दम खातो, पण बघतो कुस्त्या), आणि मालकांपुढे पोट कमी करण्याचे उपाय येतात, ते मालक जेवता जेवता बघतात. एकाच दारातून चौघं आत गेले आणि चार वेगळ्या दुकानांत पोचले, असा सगळा प्रकार आहे. तुझ्या भावजयीला हे कौतुक पसंत नाही. तिचं म्हणणं, तो आपल्याला रुचेल ते दाखवतो, आपल्या कामाचं असेलच असं नाही. त्याला एवढंच हवंय की तुम्ही दुकानातून उठू नये. मी म्हटलं, अगं, मग मी वेगळं काय करतो? पण एक गोष्ट मलाही त्याची पटलेली नाही आणि ती मी मोकळेपणाने लिहितो. आमच्या दुकानाला संध्याकाळी शटर लागतं. गिऱ्हाईक घरी जातं, विचार करतं, कधी कधी सुधारतंसुद्धा. याच्या दुकानाला शटरच नाही. एवढा एक दोष सोडला तर कारागीर पक्का.

आता माझी फजिती ऐक. ही चूक काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून व्हायची नाही. आमच्याकडे काही गिऱ्हाइकं येतात, दुकानातला प्रत्येक तागा उलगडायला लावतात, आणि मग हात झटकून "येतो हं परत" म्हणून जातात. मागे आपण एकटे ते सगळं गुंडाळत बसायचं. त्या वेळी जिवाला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. म्हणून मी ठरवलं की या फोनातल्या भावावर ती पाळी आपण आणायची नाही. त्यानं जे पुढे ठेवलं ते शेवटपर्यंत बघायचं आणि न चुकता बदाम दाबायचा. दाखवणाऱ्याचा मान राहिला पाहिजे. पहिल्याच दिवशी त्यानं एक तुंबलेलं गटार मोकळं करणारा माणूस दाखवला. मी बघितला, बदाम दिला. त्याला वाटलं, काका गटारांचे शौकीन दिसतात. मग जी गटारं आली ताई, गोल गटारं, चौकोनी गटारं, एकातून तर बूट निघाला! मी सगळ्यांना बदाम दिले. मग टकलावर केस उगवणारं तेल आलं. (माझे केस शाबूत आहेत हे तू जाणतेस, तरी दिला.) मग झोपलेल्या माणसांच्या पोटावर उड्या मारणाऱ्या शेळ्या आल्या. आपल्या घराण्यात कोणी शेळी पाळल्याचं ऐकिवात नाही, आणि मी मात्र दिवसभर शेळ्या बघत होतो. शेवटी एके दिवशी मला त्याचीच दया आली आणि मी मोठ्याने बोलून गेलो, "पुरे हो आता, दमला असाल, किती काढाल!" समोर एक बाई अस्तराचं कापड बघत होत्या. त्यांना वाटलं मी त्यांनाच बोललो. त्या तरातरा निघून गेल्या, आणि मालक पोट कमी करायचं थांबवून माझ्याकडे बघायला लागले.

पण त्या कारागिराचं कौतुक असं, की त्यानं मला ओळखलं. सगळ्यालाच हो म्हणणारं गिऱ्हाईक काहीच घेत नसतं, हे आम्हाला अनुभवाने कळतं. त्याला थोड्याच दिवसांत कळलं. त्यानं माझ्या बदामांवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं आणि तो माझ्या अंगठ्याकडे बघायला लागला. आणि मग एका दुपारी, जाड पडद्यांच्या ताग्यांच्या मागे मी डबा खाऊन बसलो होतो, तेव्हा एक गटार आणि एक शेळी यांच्या मध्ये त्यानं माझ्यापुढे दोन हात ठेवले. नुसते हात. चेहरा नाही, नाव मी वाचलं नाही. चाकावर मातीचा गोळा फिरत होता आणि त्या हातांमधून एक भांडं वर येत होतं. आणि ताई, डाव्या हाताची करंगळी बाहेर काढलेली. पेन्सिल धरतानाही ठिणगी ती अशीच बाहेर काढायची, चमचा धरतानाही. मी कितीदा म्हटलं असेल, करंगळी आत घे. मी कोणाला मागितलं नव्हतं, कोणाला विचारलं नव्हतं. त्यानं आपणहून तो तागा काढला आणि माझ्यापुढे उलगडला.

बदाम मात्र मी दाबला नाही. अबोला म्हणजे अबोला. दाबला असता तर तिला कळलं असतं, आणि मग मी हरलो असतो. गटाराला बदाम, टकलाला बदाम, शेळीला बदाम, आणि पोटच्या पोरीच्या भांड्याला नाही, अशी माझी कडक शिस्त. चुकून बोट लागायला नको म्हणून मी उजवा हात मांडीखाली घालून बसायचो. पण डोळे मांडीखाली घालता येत नाहीत ना! ते भांडं वर यायचं, मी परत सुरुवातीपासून बघायचो. म्हणजे तोंडाने नको, आणि हात काही कापडावरून निघत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ठिणगीचे दोन व्हिडिओ दाखवले. मग रोजच. जन्मभर जी विद्या मी दुसऱ्यांवर चालवली ती कोणीतरी माझ्यावर चालवत होतं, आणि राग यायच्या ऐवजी मला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं.

पुढच्या व्हिडिओंत ती अख्खी दिसते, त्यामुळे आता तिची खबर मला तुझ्याइतकीच आहे. काम झकास करते. वाकडं झालं की मोडते आणि वर हसते (हे कुठून शिकली देव जाणे, आपल्या घरात मोडलं की ओरडतात). वाळलेली वाटते, रविवारी नीट वाढत जा. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटेना. चाकाच्या समोरच पश्चिमेची मोठी खिडकी आहे आणि तिला पडदा नाही. मला ते बोलल्यावर ती कसली लावते पडदा, हट्टी कुठली! (कोणावर गेली ते तू बोलू नकोस.) पडद्याच्या जागी बाईसाहेबांनी वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. ती अर्धी सुटून लोंबतात आणि तिरपं ऊन सरळ तिच्या डोळ्यांत जातं. डोळे बारीक करून, मान वाकडी करून पोरगी काम करते. हे मी रोज बघायचं! हलवायाने मुलाला उपाशी बघावं, तसं मला झालं.

त्या दिवशी मी असाच ताग्यांमागे बसून पुटपुटत होतो आणि अचानक मालकांची पावलं वाजली. मी घाईघाईने फोन मखमलीच्या घडीत खुपसला. खुपसताना कुठे बोट लागलं ते देव जाणे, पुटपुटणं मात्र तसंच चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी कॅशियर बाई माझा फोन हातात घेऊन म्हणाल्या, "काका, तुम्ही व्हिडिओ टाकलाय? अंधाराचा?" मी कपाळाला हात लावला. बघतो तर खरंच, त्यात संपूर्ण काळोख, आणि आत माझा आवाज: "अगं वेडाबाई, डोळे जातील तुझे. पश्चिमेची खिडकी आहे ती. जाड सुती घे, आतून अस्तर लाव, दांडी चौकटीच्या वर वीतभर जाऊ दे." मग मालकांचा आवाज, मखमल कुठे ठेवली. मग माझा, दाखवतो साहेब. मग कोणीतरी खोकतं आणि संपतं. कॅशियर बाईंनी धीर दिला, म्हणाल्या घाबरू नका, असला अंधार तो कोणालाच दाखवणार नाही. आणि खरंच, जगात एवढी माणसं, त्यानं कोणालाही दाखवला नाही. फक्त एकीला दाखवला. खाली एकच बदाम होता. ठिणगीचा.

बाई म्हणाल्या, खोडून टाकू का? मी म्हटलं, राहू द्या, एक गिऱ्हाईक आलंय. मग त्यांनी मला समजावलं की आपण ज्याच्यापाशी फार रेंगाळतो, त्याच्यापुढेही तो आपल्याला नेऊन ठेवतो. म्हणजे बघ, तो दोन्ही गिऱ्हाइकांच्या हातांकडे बघत होता! भांडलेल्या दोन जावांना मी एकाच ताग्यातले पडदे विकले आहेत, पण एवढी करामत मला कधी साधली नाही.

त्यानंतरचा तिचा व्हिडिओ मी काल बघितला. त्यात भांडं धड दिसतच नाही. वर्तमानपत्रं काढून टाकली आहेत आणि फोन इतका मागे ठेवलाय की खिडकी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण दिसते. एक शब्द नाही. आमच्याकडे अशी गिऱ्हाइकं येतात, काही बोलत नाहीत, खिडकीचा फोटो काउंटरवर ठेवतात आणि दुसरीकडे बघत उभी राहतात. मी तो व्हिडिओ किती वेळ बघितला ते लिहीत नाही. मांडीखालचा हात मात्र बाहेर काढला होता. दाबला बदाम. पहिल्यांदाच मनापासून दाबला, आधीचे सगळे धंद्याच्या शिष्टाचाराचे होते.

असो. तर फोन ही वस्तू अशी आहे. तू एक घ्यावास असं माझं मत, नाही घेतलास तरी माझ्या पत्रांवर आक्षेप नसावा. गुडघ्याचा खुलासा करावा. आणखी विशेष काही नाही.

तुझा आज्ञाधारक (कधी कधी)
धाकटा

ता. क. तुझ्याकडे शिवणाची टेप असेलच. ठिणगीकडे सहज म्हणून जाशील का? ती चहा टाकायला आत गेली की खिडकीची लांबी-रुंदी तेवढी घे, चौकटीच्या बाहेरून. मी सांगितलं असं बोलायचं नाही. मला काही करायचं नाहीये, नुसती माहिती असावी म्हणून.

ता. क. २. टेपचं राहू दे. आज सकाळपासून हा फोनातला मला सारख्या प्रवासाच्या बॅगा दाखवतो आहे, आणि तुमच्या गावच्या गाड्यांच्या वेळा. ताई, शपथेवर सांगतो, मी कोणापाशी एक अक्षर बोललो नव्हतो. मनाशीसुद्धा धड बोललो नव्हतो. आता एवढ्या तज्ज्ञाने माप काढल्यावर आपण नको म्हणणं बरं दिसत नाही. शनिवारी येतो. अंथरूण काढून ठेव. ठिणगीला काही सांगू नकोस, आणि राहवलंच नाही तर एवढंच सांग की दांडी भिंतीत ठोकायला एक माणूस येतोय.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. हे अक्षर माझं आहे. बॅगा काल संध्याकाळी मी बघितल्या, गाड्याही मीच बघितल्या. ठिणगीचे व्हिडिओ तर पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी मीच शोधून काढून बघते. बदाम कधी दाबला नाही, कारण यांना कळलं असतं. फोनातल्या त्या सेल्समनचं यांना एवढं कौतुक आहे, तेव्हा सध्या मी काही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. अंथरुणं दोन काढा, मीही येतेय. आणि पत्राच्या सुरुवातीला पेन पलंगाखाली गेलं असं यांनी लिहिलंय, ते खोटं. तिथे पडदा ठेवलाय, अस्तर लावून शिवलेला, माप न घेता नुसता बघून. रोज वाकून बाहेर काढतात, हात फिरवतात आणि परत ठेवतात.